भिंतीबाहेरचा कप्तान

कप्तानाच्या छातीवर गुडघा टेकून मी टूथब्रशने त्याची अक्षरं घासत होतो, तेव्हा मागून आवाज आला.

"पाय काढ त्याच्यावरून."

नातालबाय होती. सत्तरीची, लाल लुगड्यातली, हातात दुधाची वाटी. मी पाय काढला. कप्तानाला जाऊन अडीचशे वर्षं झालीत, आता त्याला काय लागतंय, असं मी हसत म्हटलं.

"मेलेल्यालाच लागतं," ती म्हणाली. "जिवंत माणूस सरकतो तरी."

तिने खाली बसून दगडाच्या डोक्याशी वाटी ठेवली, एक मेणबत्ती लावली, वाऱ्याने विझली तशी परत लावली, आणि मी जाण्याची वाट पाहत बसून राहिली. मी गेलो नाही. मी इतिहासकार होतो. म्हणजे त्या महिन्यापुरता होतो. एरवी मुंबईच्या एका कॉलेजात मराठी शिकवायचो आणि आमच्या खारवली धर्मग्रामाच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, मासिकात विनोदी सदर लिहायचो. ते वाचून दर महिन्याला कोणी ना कोणी माझ्याशी बोलणं सोडायचं. त्यामुळे वेळ भरपूर असायचा.

खारवली वसईच्या पट्ट्यात, खाडीला लागून. आमच्या चर्चला त्या वर्षी साडेतीनशे वर्षं होणार होती. निदान तसं ठरलं होतं. बांधकामाचं साल कोणालाच ठाऊक नसल्यामुळे वर्गणी जमली ते वर्ष सोयीचं पडलं. स्मरणिका निघणार होती आणि तिच्यात दफनभूमीचा इतिहास मी लिहायचा होता.

काम वाटतं तेवढं सोपं नव्हतं. आमच्या दफनभूमीत जुनं असं काही सापडत नाही. जागा थोडी, मरणारे पुष्कळ. काही वर्षं झाली की कबर उकरायची, हाडं कोपऱ्यातल्या विहिरीत सोडायची, आणि त्याच जागी पुढच्याला ठेवायचं, ही आमची पूर्वापार रीत. विहिरीवर लोखंडी झाकण आहे. तिच्यात माझे पणजोबा आणि त्यांचे सख्खे वैरी एकत्र आहेत. जिवंतपणी त्यांना कोणालाच एकत्र आणता आलं नव्हतं.

दंतकथा मात्र हव्या तेवढ्या होत्या. फाटक आपोआप वाजलं की आठवड्याच्या आत गावात कोणीतरी जातं, ही त्यातली एक. फाटक रोज वाजतं आणि गाव मोठं आहे, त्यामुळे ही दंतकथा आजवर एकदाही खोटी ठरलेली नाही. पण सगळ्यांत मानाची दंतकथा भिंतीबाहेरच्या कप्तानाची.

दफनभूमीची भिंत आणि रस्ता यांच्यामध्ये गवताची एक पट्टी होती. तिच्यात एरंडाच्या झुडपांखाली हातभर लांबीचा एक काळा दगड. वसई पडली तेव्हा एक पोर्तुगीज कप्तान छातीत गोळी लागून पळत आमच्या गावात आला. तो रात्रभर खोकत होता. गावातल्या एका बाईने त्याला गरम दूध पाजलं. मरताना त्याने सांगितलं, तुमच्या पोरांचा खोकला माझ्याकडे आणा. पाद्रीशिवाय मेला म्हणून त्याला भिंतीबाहेर पुरला. तेव्हापासून पोराला डांग्या खोकला झाला की आई शुक्रवारी येते, मेणबत्ती लावते, साखर घातलेलं दूध ठेवते. सैनिकाला, तोही पोर्तुगीज, दूध-साखर वाहणारं हे जगातलं एकमेव थडगं असावं, असं एक वाक्य मी लेखासाठी तयार करून ठेवलं होतं. दुसरं वाक्य त्याच्या उंचीबद्दल होतं. हातभर दगडाखाली मावणारा कप्तान घोड्यावर कसा चढत असेल, वगैरे.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण पावलूशेठ फरोज यांना पार्किंग हवं होतं.

पावलूशेठांचा रेती-खडीचा धंदा. धर्मग्राम परिषदेत त्यांचा शब्द चाले, कारण चर्चचं छप्पर त्यांनी बदलून दिलं होतं आणि ते दर रविवारी वर बघत. एका लग्नात त्यांची नवी मारुती वळवताना गटारात गेली, तेव्हापासून त्यांना भिंतीबाहेरची पट्टी दिसू लागली. जेसीबी त्यांचाच होता. एका सकाळचं काम, असं ते म्हणत.

फादर हिलरी तरुण होते. सेमिनरीत अंधश्रद्धेवर निबंध लिहून आलेले. कप्तान त्यांना मनातून पटत नव्हता, पण दर शुक्रवारी येणाऱ्या आयांची संख्या त्यांच्या रोजच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, येणाऱ्यांपेक्षा जास्त असल्यामुळे तसं मोठ्याने म्हणणं त्यांना परवडत नव्हतं. त्यांनी तो धोंडा माझ्या गळ्यात बांधला.

"सर, तुम्ही तपासा," ते म्हणाले. "कप्तान खरा असेल तर राहील. नसेल तर जागा सपाट करू. तुम्ही सांगाल तसं."

पावलूशेठ शेजारीच उभे होते. "मास्तर सगळ्यांच्या खोड्या काढतात," ते म्हणाले. "कप्तान काय वाचणारे त्यांच्या तावडीतून."

मलाही तसंच वाटत होतं.

मी गावात विचारत फिरलो. कप्तानाची गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली? आईने. आईला? सासूने. सासूला? आणि मग चार घरं फिरून उत्तर एकच निघायचं, नातालबायने. तिच्या आधीचा दुवा काही मिळेना. शेवटी मी बस्त्यावकाकांना गाठलं. ते चर्चमध्ये घंटा वाजवता वाजवता म्हातारे झाले होते आणि आता अंगणात बसून दुसऱ्याने वाजवलेल्या घंटेला नावं ठेवत.

"आमच्या लहानपणी कप्तान नव्हता," ते म्हणाले.

मग काय होतं तिथे?

"गवत. आणि तिकडे फिरकायचं नाही, एवढं ठाऊक होतं."

का?

"तेव्हा का विचारायची पद्धत नव्हती."

मला हर्ष झाला. वसईच्या लढाईत मेलेला माणूस देश स्वतंत्र झाल्यानंतर कधीतरी आमच्या गावात पोचला होता. मी वहीत लिहिलं, 'कप्तान दोनशे वर्षं उशिरा आला.' आता दगड तेवढा राहिला होता.

दगडावर पोर्तुगीज अक्षरं आहेत, हे गावात पक्कं होतं. ती मी बोटांनी चाचपली, ओला कागद लावून उमटवून पाहिली. अक्षरं नव्हतीच ती, छिन्नीचे ओबडधोबड घाव होते. मग मी गवतात बसलो, दगडाची एक कड जराशी उचलली आणि खालून हात फिरवला. खालची बाजू गुळगुळीत होती. मधोमध खोलगट झिजलेली. आणि त्या खोलगटात बारीक बारीक खळगे, टाकी लावल्यासारखे.

असल्या दगडावर माझ्या आईने आयुष्यभर मसाला वाटला. डोळे बांधून हात फिरवायला सांगितला असता तरी मी ओळखला असता. तो पाटा होता. कप्तान अडीचशे वर्षं, किंवा जी काय असतील ती, पालथ्या पाट्याखाली झोपला होता.

लेख जवळजवळ स्वतःच लिहून झाला. परिषदेची बैठक रविवारी होती. शनिवारी दुपारी मी नातालबायच्या घरी गेलो. तिची गोष्ट चारचौघांत मोडण्याआधी तिला सांगावं, एवढी रीत मला होती. शिवाय तिचा चेहरा कसा होतो ते पाहायचंही होतं, हे नाकारत नाही.

घर लहानसं. नवरा दुमिंग जाऊन बरीच वर्षं झालेली, दोन मुली लग्न होऊन उत्तनला आणि अंधेरीला. तिने मला ओटीवर बसवलं आणि चहा टाकायला आत गेली. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून खाली एक वरवंटा लावलेला होता. जुना, हाताला घासून काळाभोर झालेला. मी स्वयंपाकघरात डोकावलो. मिक्सर होता. पाटा नव्हता.

चहा घेऊन ती आली तेव्हा मी वरवंट्याकडेच बघत होतो. तिने माझ्याकडे पाहिलं, मग वरवंट्याकडे.

"उचललास?" तिने विचारलं.

"एकच बाजू."

"नीट ठेवलास ना परत? फट राहिली की मुंग्या शिरतात."

मी कप हातात घेतला आणि माझी तयार करून आणलेली वाक्यं काही मला सापडेनात. नीट ठेवलाय, एवढंच म्हटलं.

ती समोर बसली आणि सांगू लागली. आवाज चढवला नाही की उतरवला नाही. बाजारात काय भाव होता ते सांगावं तसं.

पहिला मुलगा. सकाळी झाला, आणि झाला तेव्हाच सुईणीने तोंड फिरवलं. श्वास लागत नव्हता, खोकल्यासारखं करायचा. आमचा पाद्री खाडीपलीकडच्या गावात सणाला गेला होता. दुमिंग त्याला आणायला धावला. ओहोटी होती, होडी चिखलात रुतली, हा चालत गेला. पाद्रीने सांगितलं, मिस्सा उरकून येतो. दुमिंग परत पोचला तेव्हा पोर थंड पडलं होतं.

"पाणी घरात होतं," नातालबाय म्हणाली. "माठ भरलेला. आम्हाला लहानपणी शिकवलं होतं, अडचणीला कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. तीन वेळा पाणी ओतायचं आणि शब्द म्हणायचे. शब्द मला पाठ होते. तुला आत्ता म्हणून दाखवू?"

मी मान हलवली. नको.

"तांब्या भरून घेतला होता मी. हात पुढे होईना. वाटलं, आपण एखादा शब्द चुकलो तर पोराला लागू पडायचा नाही. फुकट जाईल. पाद्री येतोय, तो नीट करील. म्हणून थांबले."

नीट होण्यासाठी थांबण्यात पोर गेलं, आणि बाप्तिस्मा न झालेल्याला तेव्हा भिंतीच्या आत जागा नव्हती. प्रार्थना नाही, क्रूस नाही, मेणबत्ती नाही. दुमिंगने साबणाच्या खोक्यातून नेऊन त्याला बाहेरच्या गवतात पुरलं. तेव्हा कोल्हे यायचे, माती उकरायचे. घरात जड असं एकच होतं. तो पाटा उचलून घेऊन गेला आणि पालथा घातला. पुढे आयुष्यभर नातालबायने शेजारणीच्या दारात जाऊन मसाला वाटला. नवा पाटा घेत नाही म्हणून गावाने तिला कंजूस ठरवलं, आणि तिने ठरवू दिलं.

"पुढच्या नोव्हेंबरात मृतांचा दिवस आला. आत सगळ्यांच्या मेणबत्त्या. मी एक बाहेर लावली. त्याच पाद्रीने पाहिलं. विचारलं, ही कोणासाठी? खरं सांगितलं असतं तर विझवायला लावली असती. माझ्या तोंडून निघून गेलं, जुना कप्तान आहे फादर, पोर्तुगीज. आजी सांगायची."

"मग?"

"मग काय. टोपी काढली त्यांनी."

मी चहा प्यालो. गार झाला होता.

खोकल्याचं तिने नव्हतं लावलं. कोणा एकीचं पोर खोकत होतं, तिने विचारलं, तुझा कप्तान खोकल्याला चालतो का? ही म्हणाली, चालत असेल, पोरांचं ऐकतो तो. ते पोर बरं झालं. मग बायका येतच राहिल्या. दूध तेवढं हिने सुरू केलेलं.

मी तिला समजावू लागलो. आता नियम बदललेत, म्हटलं. फादर हिलरी भले गृहस्थ आहेत. त्यांना खरं सांगितलंस तर ते स्वतः प्रार्थना म्हणून त्याला आत घेतील, चांगल्या जागी ठेवतील.

"आत म्हणजे कुठे? तुमच्या आत कोण टिकतं? चार वर्षांनी काढायचं नि विहिरीत टाकायचं." तिने माझा कप उचलला. "मला त्याला हलवायचं नाही, इनास. एवढंच आहे माझं. आणि गावातल्या बायकांना काय सांगू? इतकी वर्षं तुम्ही माझ्या पोराला दूध पाजत होतात म्हणून?"

"मी काय करू मग? मला उद्या इतिहास सांगायचाय."

"सांग ना. मी कुठे नको म्हटलं?" ती उठली. "मी विहिरीत गेले की हवं ते लिही. तोवर गप्प राहिलास तर बरं."

दारापर्यंत गेल्यावर मी विचारलं, नाव काय होतं त्याचं?

"ठेवलं कुठे? पाद्री ठेवणार होता." तिने पायाने वरवंटा सरकवून दाराला नीट टेकवला. "दुमिंग मात्र झोपेत कधीकधी लोरेस म्हणून हाक मारायचा. आमच्याकडे लोरेस कोणीच नव्हतं."

रविवारची बैठक शाळेच्या हॉलमध्ये झाली. पावलूशेठ पहिल्या रांगेत, हातात पार्किंगचा नकाशा. नातालबाय मागच्या बाकावर, माळ हातात. ती बैठकांना कधी येत नसे.

मी उभा राहिलो आणि अर्धा तास बोललो. माझ्या सगळ्या आयुष्यात मी इतक्या गंभीरपणे कधी बोललो नाही, आणि नेमकं त्याच दिवशी कोणी हसलं नाही. म्हटलं, कप्तानाबद्दल माझ्या मनात शंका होत्या. मी गावभर फिरलो, दगडही पाहिला. माझी खात्री पटली आहे की तिथे पुरलेली व्यक्ती खरी आहे, कल्पित नाही. तिचं नाव लोरेस. ती खोकल्याने गेली. ती याच गावात गेली. पुरावा म्हणून मी दगडावरच्या खुणांचा कागद दाखवला. तो हातोहात फिरला. ती अक्षरं कोणालाच वाचता येत नसल्यामुळे मतभेद झाले नाहीत.

"कप्तान म्हणजे मेजरच्या वर की खाली?" पावलूशेठांनी विचारलं.

खाली, मी म्हटलं. पण वयाच्या मानाने पुष्कळ.

फादर हिलरींनी एकच प्रश्न विचारला. "सर, तो ख्रिस्ती होता ना? मग भिंतीबाहेर का?"

"धर्मगुरूंना बोलावणं गेलं होतं, फादर," मी म्हटलं. "ते वेळेवर पोचू शकले नाहीत."

फादरांनी कागद खाली ठेवला आणि हॉलच्या मागच्या बाकाकडे पाहिलं. मग चष्मा पुसत म्हणाले, असं असेल तर भिंतच थोडी पुढे घेऊ. जागा त्याची आहे, त्याला हलवायला नको. आपण सरकू.

पावलूशेठांचा चेहरा पडला होता, पण तो फार वेळ पडून राहणाऱ्यातला नव्हता. आपल्या गावात नावाचा, हुद्द्याचा पोर्तुगीज अधिकारी निघाला, आणि शेजारच्या गावात नुसता एक मोडका तोफगोळा आहे, हे हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं. भिंत मी बांधतो, ते म्हणाले. संगमरवरी पाटीही माझी. पाटी अजून आहे. तिच्यावर 'कप्तान लोरेस' बारीक अक्षरात आणि 'देणगीदार : पावलू फरोज आणि कुटुंब' ठळक अक्षरात आहे. हल्ली रविवारी मुंबईहून वारसास्थळं बघणारे लोक टोप्या घालून येतात, आणि त्यांतले काही पावलूशेठांनाच कप्तान समजून फोटो काढतात. स्मरणिकेतला माझा लेख एका प्रबंधात संदर्भ म्हणून आला आहे. माझं असं एवढं एकच लेखन आहे.

पार्किंग शाळेमागे झालं. पावलूशेठांची मारुती तिथल्याही गटारात एकदा गेली.

नातालबाय त्यानंतर सातआठ वर्षं होती. ती गेली तेव्हा तिला आत, मधल्या रांगेत ठेवलं, आणि पुढे रीतीप्रमाणे तिची हाडं विहिरीत गेली. म्हणून हे आता लिहायला हरकत नाही. कप्तानाला मात्र कोणी हलवत नाही. ऐतिहासिक थडगं आहे ते. आमच्या दफनभूमीत कायमची जागा त्या एकट्यालाच मिळाली.

पण मला सांगायचं आहे ते त्या वर्षीच्या मृतांच्या दिवसाचं. नव्या भिंतीचा गिलावा अजून ओला होता. मिस्सा झाल्यावर फादर हिलरी पवित्र पाण्याचं भांडं घेऊन कबरींमधून निघाले. सगळ्यांवर सारखंच पाणी, एकेक शिडकावा आणि पुढे. कप्तानापाशी आले तेव्हा गावातल्या अर्ध्या बाया तिथे उभ्या होत्या, कडेवर पोरं घेऊन. नातालबाय दगडाशेजारी गुडघ्यावर बसली होती. वाटी ठेवून झाली होती.

फादरांनी शिंपडणी भांड्यात ठेवून दिली. मग ते वाकले आणि हाताच्या ओंजळीतून दगडावर पाणी सोडलं. एकदा. पुन्हा. आणि परत एकदा. ओठ हलत होते. काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. कोणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही, कप्तानाचा मान म्हणून असेल असं पावलूशेठ माझ्या कानात म्हणाले. फादर सरळ झाले आणि पुढच्या कबरीकडे गेले.

बाया पांगल्या. नातालबाय पदराच्या टोकाने पाट्याची कड पुसत राहिली, वाकलेलीच. ती माझ्याशी बोलत नव्हती. मी फक्त जवळ होतो म्हणून ऐकलं.

"आला बरं का रे," ती दगडाला म्हणाली. "पाद्री आला."